अक्कलकोट : वाडा, गावकूस आणि कादंबरी

राजकीय परिस्थिती कादंबरीला कसे वळण देते, याचा विचार करताना सेन्सॉरकडे आधी लक्ष जाते आणि ते स्वाभाविकच आहे. रझाशाहच्या अमलात सादेक हिदायत या इराणी लेखकाला ‘बूफ-ए-कूर’ ही फारसी कादंबरी १९३६च्या सुमारास मुंबईत चक्रमुद्रित करावी लागली, तीही अवघ्या पन्नास प्रतींत, आणि इराणातील वाचकांना ती शाह पदच्युत झाल्यानंतरच, १९४१मध्ये, वर्तमानपत्रातून वाचता आली. सोलापूर जिल्ह्यात मात्र कोणी काय लिहावे आणि कोणत्या वाङ्मयप्रकारात, हे ठरवण्यात सरकारी बंदीपेक्षा गावगाड्याचा वाटा मोठा राहिला.

१२ मे १९३० रोजी सोलापूर शहरात लष्करी कायदा, म्हणजे मुलकी कारभार बाजूला सारून लष्कराच्या हाती दिलेली सत्ता, लागू झाला, तेव्हा लगतचे अक्कलकोट हे भोसले घराण्याचे संस्थान होते आणि ते मुंबई प्रांतात विलीन झाले ते १९४८ साली. या अक्कलकोटात १९१९ साली जन्मलेल्या त्र्यं. वि. सरदेशमुखांनी ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीत संस्थानी नगरीचा ऱ्हास रंगवला; ती प्रसिद्ध झाली १९९८मध्ये, विलीनीकरणाला अर्धे शतक लोटल्यावर. हा उशीर फलदायीच म्हटला पाहिजे, कारण राजवाड्याविषयीचा भक्तिभाव आणि तितकाच सोपा तिटकारा, दोन्ही ओसरल्याशिवाय असे लेखन होत नाही.

याच तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांना असे थांबणे परवडणारे नव्हते. १९८४च्या ‘अक्करमाशी’त, म्हणजे अनौरस संततीच्या आत्मकथनात, महार आई, पाटील बाप आणि सांभाळ करणारा मुसलमान हमाल अशा घरातील मुलाच्या सवलतीच्या अर्जावर सही करताना त्याची जात कोणती मानावी, असा पेच सरपंचाला पडतो, राज्यघटना लागू झाल्यानंतरच्या काळातला हा प्रसंग आहे. ज्याचे नाव आणि जात कागदावरच ठरत नाही, त्याने कल्पित पात्रांआधी स्वतःची साक्ष नोंदवावी, यात वाङ्मयीन उणेपणा शोधणाऱ्या टीकाकारांनी त्या कागदाचे महत्त्व ओळखले नाही. पुढे ‘सनातन’ या कादंबरीत, जिला २०२०चा सरस्वती सन्मान मिळाला, लिंबाळे एका आयुष्यापलीकडे जाऊन महार समाजाचा इतिहास कोरेगावच्या लढाईपर्यंत मागे नेतात. सरदेशमुखांच्या नगरीत ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले जाई, तेच इथे कथेच्या केंद्रस्थानी आहेत.