पाट रुंद झाला, वेल मात्र सुकली : एका उपचारशोधाचा इतिहास

१/ केळव्याच्या पानवेलींच्या वाडीत पाटाचे पाणी फिरताना ज्याने पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की पाट अरुंद झाला की टोकाच्या वेली प्रथम सुकतात. मेंदूतील रक्तस्रावानंतरही असेच घडते, असे वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ मानले. आजचा धागा या समजुतीविषयी.

२/ मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीवरील फुगा फुटतो. शस्त्रक्रियेने तो बंद केला जातो, रुग्ण बोलू लागतो. मात्र साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान धमन्या आकसू शकतात आणि कुणाची वाचा जाते, कुणाचा हात लुळा पडतो. या आकसण्याला व्हॅसोस्पाझम म्हणतात.

३/ हे प्रथम दिसले चित्रात. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण, म्हणजे अँजिओग्राफी, शक्य केले. १९५१ मध्ये अमेरिकेतील एकर आणि रीमनश्नायडर यांनी फुगा फुटलेल्या रुग्णांच्या अशा चित्रांत आकसलेल्या धमन्या दाखवून दिल्या.

४/ १९८० मध्ये फिशर आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवरून दाखवले, की धमन्यांभोवती साकळलेल्या रक्ताचा थर जितका जाड, तितका आकसण्याचा धोका अधिक. कारण हाती आले असे वाटले. उपायही सरळ दिसत होता : धमनी रुंद करा.

५/ प्रयत्नांची रांग लागली. शिरेतून भरपूर द्रव देऊन रक्तदाब वाढवण्याची पद्धत रूढ झाली. पुढे अतिरिक्त द्रवाचे दुष्परिणाम ध्यानात आल्यावर ती आटोपशीर करण्यात आली. १९८४ मध्ये लेनिनग्राडच्या झुबकोव यांनी सूक्ष्म फुग्याने आतून धमनी ताणून उघडल्याचे ३३ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले.

६/ मग आले निमोडिपिन. १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत ५५४ रुग्ण होते. मेंदूचा भाग मृत होण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. मात्र निमोडिपिनच्या चाचण्यांतील अँजिओग्राफीत धमन्यांच्या रुंदीत फारसा फरक आढळला नाही. रुग्ण सावरले, चित्र जवळपास तसेच राहिले.

७/ पुढे याच्या नेमके उलट घडले. १९८८ मध्ये जपानमध्ये यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्या आकसवणारे एंडोथेलिन शोधले. त्याला रोखणाऱ्या क्लाझोसेंटानने २००८ च्या चाचणीत धमन्यांचे आकसणे ठळकपणे घटवले. २०११ मध्ये ११०० हून अधिक रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा रुग्णांची अंतिम स्थिती सुधारलेली दिसली नाही. जपानने २०२२ मध्ये या औषधाला मान्यता दिली. अन्यत्र झालेल्या पुढील मोठ्या चाचणीत त्याचा अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही.

८/ असे का? मोठी धमनी हा कथेचा एक भाग आहे. अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या, त्यांतील बारीक गुठळ्या, रक्तस्रावाच्या क्षणीच झालेली इजा आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून सरकणारी विद्युत् लाट हेही कारणीभूत ठरतात. ती लाट ब्राझीलच्या लेआओ यांनी १९४४ मध्येच प्राण्यांमध्ये नोंदवली होती. पाट मोकळा झाला तरी मुळाशी पाणी पोहोचेलच असे नाही.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाला ही चूक परिचित आहे. दप्तरात जे नोंदले गेले तेवढेच घडले, असे आपणही मानतो. इथे अँजिओग्राफी हेच दप्तर होते. त्यात धमनीची रुंदी नोंदली जात होती, म्हणून अनेक दशके तीच मोजली गेली.

१०/ याचा आपल्या घराशी संबंध काय? निमोडिपिन आजही प्रमाण औषध आहे : सामान्यतः दर चार तासांनी, २१ दिवस. त्यामुळे पाचव्या दिवशी रुग्ण हसून बोलला, म्हणून त्याला घाईने केळव्याला परत नेणे धोक्याचे ठरू शकते. आणि क्षणार्धात उठलेली, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

११/ डॉक्टरांना ‘धमनी उघडली का?’ असे अवश्य विचारावे. त्याच्या जोडीने ‘बोलणे, चालणे, ओळखणे कितपत परतले?’ हेही विचारावे. या दोन प्रश्नांतील अंतर ओळखण्यास संशोधनाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.