मोन्जुइकचं मुकं कारंजं

तारीख 8 ऑक्टोबर 1988. बार्सिलोनाच्या प्लासा द'एस्पान्या चौकात तुम्ही मेट्रोच्या पायऱ्या चढून वर येता आणि पुढे चालायचे कष्ट तुम्हाला घ्यावेच लागत नाहीत. संध्याकाळी दादरच्या पुलावर जसं होतं तसंच, गर्दीच तुम्हाला नेते. समोर विटांचे दोन उंच मनोरे आहेत, व्हेनिसच्या घंटाघरावरून बेतलेले, प्रत्येकी 47 मीटरचे. त्यांच्या मधून रुंद रस्ता सरळ मोन्जुइक टेकडीकडे जातो. टेकडीवर राजवाड्यासारखी दिसणारी, पण कुठल्याच राजाने कधी न राहिलेली इमारत. तिच्या पायथ्याशी, चौकात, फोंत माजिका. जादूचं कारंजं.

मोबाईल खिशातच ठेवा. युरोही काढू नका, इथे अजून पेसेता चालतात. आणि आज रात्री ज्याच्यासाठी हे सगळे जमलेत त्याच्याबद्दल तुम्हाला जे माहीत आहे, ते कुणाला सांगू नका.

सहाच दिवसांपूर्वी सोलचं ऑलिंपिक संपलं आणि ध्वज महापौर पास्कुआल मारागाल यांच्या हाती आला. पुढचे खेळ, 1992 चे, या शहरात. ध्वजाच्या स्वागतासाठी आजची मैफल आहे, नाव 'ला नित', म्हणजे 'रात्र'. स्पेनचे राजे-राणी आले आहेत. डियॉन वॉर्विक, जेरी ली लुईस, एडी ग्रँट अशी मंडळी हजेरी लावून जातात. मंचामागे पाणी उसळतं, वाऱ्याचा झोत आला की तुषार थेट तुमच्या चष्म्यावर. काच पुसायला रुमाल काढता, तेवढ्यात पुन्हा भिजते.

तुमच्या शेजारी एक आजोबा उभे आहेत, सत्तरीच्या आसपासचे. ते बोटाने कारंज्याकडे दाखवतात आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये तुम्हाला सांगतात की ते लहान असताना याला गाणं नव्हतं. नुसतं पाणी आणि उजेड.

खरं आहे ते. चला, बघूनच येऊ.

1929, मे महिन्याची 19 तारीख. त्याच जागी उभे आहात, पण कानांवर फक्त पाण्याचा आवाज आणि हजारो माणसांचा एकदम निघालेला हुंकार. आज राजा तेरावा आल्फोन्सो याने आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचं उद्घाटन केलं आहे. मुळात हे प्रदर्शन विजेच्या उद्योगांचं म्हणून ठरलं होतं, तेही दहा-बारा वर्षं आधी भरायचं होतं. लांबत लांबत आज उजाडलं, पण विजेचं वेड काही ओसरलं नाही. रस्त्याच्या दुतर्फा काचेचे दिव्यांचे खांब उभे आहेत. घरी अजून रॉकेलचा दिवा लावणारी कितीतरी माणसं या गर्दीत असतील. त्यांच्यासमोर अंधारात पाणी पेटतं: आधी पांढरं, मग लाल, मग निळं, आणि पन्नास मीटरच्या वर चढत जातं.

हा उद्योग कार्लस बुईगास या एकतीस वर्षांच्या अभियंत्याचा. बंदरावरच्या कोलंबसाच्या स्मारकाचा वास्तुकार हा त्याचा बाप. बुईगासने आराखडा मांडला तेव्हा हे वेळेत होणं नाही असंच बहुतेकांचं मत पडलं. तीन हजारांवर मजूर लागले आणि वर्षाच्या आत कारंजं उभं राहिलं. युक्ती ऐकायला सोपी आहे. दिवे पाण्यावर रोखलेले नाहीत, ते पाण्याच्या खाली आहेत. प्रकाश रंगीत काचांतून गाळून खालून वर सोडायचा, म्हणजे धार स्वतःच रंगलेली दिसते. साडेतीन हजारांहून जास्त तोट्या, पंप पूर्ण जोरात असले की सेकंदाला 2,600 लिटर पाणी, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचं. तोट्यांचे गट वेगवेगळ्या जोराने उघडले की कधी कमळ दिसतं, कधी धुक्याची भिंत. संगीत नाही, तरी लय आहे. आपल्याकडे म्हैसूरच्या वृंदावन बागेत फिल्मी गाण्यांवर नाचणारी कारंजी पाहून आलेल्या माणसाला हे मुकं नृत्य आधी थोडं अपुरं वाटेल. दोन मिनिटं थांबा. मला विचाराल तर हेच जास्त चांगलं आहे.

पण या गर्दीत काही चेहरे गप्प आहेत. का, ते कळायला एकच वर्ष मागे जायचं.

1928. इथे चार उंच खांब आहेत, आयोनिक धाटणीचे, वीस मीटरचे. वास्तुकार जोसेप पुच इ कादाफाल्क यांनी 1919 मध्ये उभारलेले. चार खांब म्हणजे कातालोनियाच्या, या शहराच्या प्रदेशाच्या, ध्वजावरचे चार पट्टे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माद्रिदमध्ये हुकूमशहा प्रिमो दे रिवेरा याची सत्ता आहे. जगभरचे पाहुणे येणार, त्यांना हे दिसायला नको. म्हणून खांब पाडले जातात. उद्या ज्या जादूवर टाळ्या पडणार आहेत तिच्यासाठी ही जागा अशी मोकळी झालेली आहे. बुईगासच्या कसबाला त्यामुळे काही कमीपणा येत नाही. पण जागा कशी रिकामी झाली हे विसरून कारंजं बघणं मला तरी जमत नाही.

परतताना मधली वर्षं भरभर जाऊ द्या. यादवी युद्धात कारंजं मोडतं, पन्नाशीच्या दशकात दुरुस्त होतं. हुकूमशहा फ्रँको 1975 मध्ये जातो. पुढे 1980 च्या दशकात कधीतरी कुणाला सुचतं की पाण्याला संगीताची जोड द्यावी.

पुन्हा 1988. आजोबा आहेत तिथेच आहेत. आता मंचावर ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये, याच शहरात 1933 मध्ये जन्मलेली, आणि तिच्या शेजारी फ्रेडी मर्क्युरी. गर्दीला तो ब्रिटिश रॉकस्टार म्हणून माहीत आहे. तुम्हाला मात्र पाचगणीचा फारुख बलसारा आठवतो. झांझिबारहून आठेक वर्षांचा असताना सेंट पीटर्सच्या वसतिगृहात आलेला, तिथे पियानो शिकलेला, मित्रांना जमवून 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढलेला पारशी मुलगा. महाबळेश्वरला जाताना तुमची गाडी त्या शाळेच्या गावातून किती वेळा गेली असेल!

'बार्सिलोना' सुरू होतं. तिचा आवाज वर जातो, मागे पाणी वर जातं, अंगावर काटा येतो. आता मंचाजवळ सरका आणि नीट बघा. ओठ हलताहेत, आवाज ध्वनिफितीवरून येतोय. दोघंही प्लेबॅकवर गाताहेत. नाराज होऊ नका. गेल्या वर्षीच फ्रेडीला एचआयव्हीचं निदान झालं आहे आणि इथल्या प्रेक्षकांत ते कुणाला माहीत नाही. मंचावरून लोकांपुढे गाण्याची ही त्याची शेवटची वेळ आहे, हेही त्यांना माहीत नाही. त्या गाण्यापुरतं खरोखर थेट, त्या क्षणी घडणारं असं एकच वाद्य तिथे होतं, ते म्हणजे पाणी.

आजोबा टाळ्या वाजवताहेत. तुम्हीही वाजवा.

24 नोव्हेंबर 1991 ला फ्रेडी गेला. त्यानंतर आठ महिन्यांनी, 25 जुलै 1992 ला, याच टेकडीवरच्या स्टेडियममध्ये खेळ सुरू झाले. काबाये त्या रात्री गायली, पण हे गाणं नाही.

बार्सिलोनाला जायचं ठरवत असाल तर कारंज्याचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. कातालोनियात अलीकडे पडलेल्या दुष्काळात ते बरेच दिवस बंद ठेवावं लागलं होतं. बघायला तिकीट लागत नाही. चौकाला आता कार्लस बुईगास यांचंच नाव आहे. आणि थोडं वेळेआधी पोहोचा, उजेड आहे तोवर जवळचे चार पांढरे खांब बघून घ्या. ते पुच इ कादाफाल्क यांच्या खांबांची प्रतिकृती आहेत, मूळ जागेपासून काही मीटरवर 2010 मध्ये पुन्हा उभारलेली. जुन्या जागेवर ते बसवता आले नाहीत, कारण तिथे कारंजं आहे.