रामगिरीच्या पायऱ्या आणि हिमालयाचा चढ

रामटेकचा डोंगर उंचीने फारसा मोठा नाही. अंबागड डोंगररांगेच्या पश्चिम टोकाशी, गावापासून सुमारे ५०० फूट उंचीवर, त्याच्या माथ्यावरील मंदिरांचा समूह उभा आहे. परंतु या लहानशा चढाला जी दीर्घ परंपरा लाभली आहे, ती महाराष्ट्रातील थोड्याच डोंगरांच्या वाट्यास आली असेल. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपाशी दिला गेला. यादव राजा रामचंद्र याच्या काळातील लक्ष्मणमंदिरातील शिलालेखात या डोंगरावरील तीर्थांची गणना आढळते. अंबाळा तलावापासून वर जाणाऱ्या पायऱ्या कार्तिकातील यात्रेत आजही आबालवृद्ध चढतात. या चढणीत निवड नाही, परीक्षा नाही, वयाची अट नाही. नवस बोललेली म्हातारी आणि आईच्या कडेवरचे मूल एकाच वाटेने माथ्यावर पोहोचतात.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे प्रतिपादन केले. ते ग्राह्य धरल्यास रामटेकपासून हिमालयापर्यंतच्या मार्गाचे वर्णन संस्कृत साहित्यात दीड हजार वर्षांपूर्वीच झाले, असे म्हणावे लागते. मात्र त्या मार्गाने जाणारा प्रवासी मेघ होता. या प्रदेशातील माणसाला, त्यातही जंगलपट्टीतील सामान्य कुटुंबातील मुलाला, हिमालयाच्या शिखराकडे जाणारी वाट केव्हा व कशी खुली झाली, हा प्रश्न अगदी अलीकडच्या इतिहासाचा आहे.

भारतीयांच्या गिर्यारोहणाचा आरंभ ज्या वर्तुळात झाला ते अत्यंत मर्यादित होते. डेहराडूनच्या डून स्कूलमधील गिब्सन, मार्टिन, होल्ड्सवर्थ या इंग्रज शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना पर्वतांची गोडी लावली. त्याच शाळेतील शिक्षक गुरदयाल सिंग यांनी १९५१ मध्ये त्रिशूल सर केले. १९५३ मध्ये तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचल्यानंतर ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. तिचे पहिले प्राचार्य मेजर नरेंद्र धर जयाल हेही डूनचेच विद्यार्थी. खर्चिक शाळेत शिकणारा मुलगा, लष्करी अधिकारी आणि पिढीजात पर्वतवासी शेर्पा एवढ्यांपुरताच हा खेळ बराच काळ राहिला. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या महाराष्ट्रातही एव्हरेस्टचे पहिले आरोहण, सुरेंद्र चव्हाण यांचे, १९९८ मध्ये झाले.

या प्रारंभीच्या काळातून निश्चयाविषयी जे शिकता येते, ते मात्र आजही उपयोगी आहे. १९६० मध्ये ब्रिगेडियर ग्यान सिंग यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय एव्हरेस्ट मोहीम माथ्यापासून सुमारे ७०० फुटांवरून परतली. १९६२ मध्ये जॉन डायस यांची मोहीम सुमारे ४०० फुटांवरून मागे फिरली. या दोन्ही प्रसंगी सर्वांत वर गेलेल्या तिघांत सोनम ग्यात्सो होते. १९६५ मध्ये मोहनसिंग कोहली यांच्या मोहिमेत नऊ जण माथ्यावर पोहोचले, तेव्हा त्या नवांतही ग्यात्सो होते. १९६० मध्ये त्यांच्यासमवेत परतलेले नवांग गोंबूही होते. कोहली स्वतः १९६२ मध्ये ग्यात्सोंबरोबर मागे फिरले होते. निश्चय म्हणजे मागे न फिरणे, ही लोकप्रिय समजूत या पाच वर्षांच्या वृत्तांतापुढे टिकत नाही. दोनदा योग्य वेळी परत फिरल्यामुळेच तिसऱ्यांदा चढण्यासाठी माणूस शिल्लक राहिला.

आश्रमशाळांकडे हा ओघ वळला तो शेजारच्या तेलंगणातून. तेथील समाजकल्याण निवासी शाळांचे सचिव, पोलीस अधिकारी आर. एस. प्रवीण कुमार यांनी विद्यार्थ्यांना भोंगीरच्या खडकावर प्रशिक्षण देवविले, आणि २५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा व आनंद कुमार ही दोन मुले एव्हरेस्टवर पोहोचली. पूर्णाचे वय तेव्हा १४ वर्षेही पूर्ण नव्हते. नेपाळच्या नियमानुसार १६ वर्षांखालील व्यक्तीस परवाना मिळत नाही. म्हणून ही चढाई तिबेटच्या बाजूने झाली. या घटनेचा गौरव पुष्कळ झाला. इतक्या कोवळ्या वयाच्या मुलीला मृत्यूच्या छायेत पाठवावे काय, हा प्रश्न तितक्या गांभीर्याने विचारला गेला असे दिसत नाही.

चंद्रपूर जिल्हा प्रशासन व आदिवासी विकास विभाग यांनी यानंतर 'मिशन शौर्य' हाती घेतले. जिवती हा माणिकगडच्या डोंगराळ भागातील, तेलंगणाच्या सीमेवरील तालुका. तेथील व जिल्ह्यातील अन्य आश्रमशाळांतील मुलांतून टप्प्याटप्प्याने निवड होत अखेर दहा जणांचा चमू ठरला. मे २०१८ मध्ये त्यांपैकी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे व विकास सोयाम हे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. २०१९ मध्ये हा उपक्रम राज्यातील इतर आदिवासी भागांतील विद्यार्थ्यांपर्यंत नेण्यात आला.

या यशाचे जे स्पष्टीकरण वारंवार ऐकू येते, ते असे की आदिवासी मुले मुळातच काटक असतात. हे विधान स्तुतीसारखे दिसले तरी अन्यायाचे आहे. रानावनात चालण्याची सवय पायांना बळ देते, हे खरे. पण एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो, आणि ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथील कोणतीही सवय विरळ हवा व गोठविणारी थंडी यांची तयारी करून देत नाही. ती तयारी शिकूनच होते. आधी खडकावर दोर, गाठी व पकड. मग दार्जिलिंगला बर्फावरील पावले. मग लडाखच्या थंडीत शरीराला उंचीची ओळख करून देणे. शिखराजवळही वर चढून पुन्हा खाली उतरायचे, पुन्हा थोडे अधिक वर जायचे, असे आठवडेच्या आठवडे चालते. रक्तातील बदल सावकाश होतात. त्यांना घाई चालत नाही. जे शिक्षणाने व परिश्रमाने मिळविले ते जन्माच्या खात्यावर टाकले, की मुलांचे श्रेय जाते आणि शासनाची जबाबदारीही हलकी होते. जन्मजात काटक असलेल्याला शिकवायचे ते काय, असे म्हणणे मग सोपे जाते.

दुसरी गोष्ट उरलेल्या पाच जणांची. त्यांनी तेच प्रशिक्षण घेतले, तीच थंडी सोसली. ग्यात्सो व कोहली यांच्या परतण्याचा वृत्तांत गिर्यारोहणाच्या ग्रंथांत उंचीच्या आकड्यासह नोंदला गेला आहे; या पाच विद्यार्थ्यांविषयी वृत्तपत्रांत सहसा 'दहांपैकी पाच' एवढ्या वजाबाकीपुरताच उल्लेख येतो. माथ्यावर पोहोचलेल्यांची यादी म्हणजेच गिर्यारोहणाचा इतिहास, असे मानण्याची खोड येथेही दिसते.

रामटेक तालुक्याच्या उत्तरेस देवलापारच्या जंगलपट्टीत गोंड वस्ती मोठी आहे. जिवतीच्या मुलांना जे मिळाले त्याची मागणी तेथूनही उद्या होऊ शकेल. त्या वेळी उपयोगी पडतील ती कागदपत्रे आजच गोळा करावयास हवीत : निवडीच्या कसोट्यांचे तक्ते, प्रशिक्षकांच्या दैनंदिन नोंदी, वैद्यकीय तपासण्यांचे निष्कर्ष, आणि दहाही विद्यार्थ्यांच्या त्यांच्या स्वतःच्या भाषेत, गोंडीत वा कोलामीत, घेतलेल्या मुलाखती. शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे. कारण प्रकल्प कार्यालयाच्या फायलीत पावत्या टिकतात, पण परतीचा निर्णय नेमका कोणी आणि काय पाहून घेतला, हे तेथे लिहिलेले नसते.