अणुगर्भाचा तराजू

जळगांवच्या सराफ बाजारांत सोनें तोलण्याचा नाजूक कांटा कांचेच्या पेटींत कां ठेवतात, हें खानदेशांतील माणसास सांगावयास नको. वारा लागला कीं गुंजेचा हिशेब चुकतो. आज ज्या कांट्याची हकीकत सांगणार आहें, त्यावर तोलावयाचें असतें अणुगर्भाचें चुंबकत्व.

हायड्रोजनचा अणुगर्भ म्हणजे एक चिमुकला लोहचुंबकच. चुंबकीय क्षेत्रांत तो भोंवऱ्याप्रमाणें डुलतो, आणि त्या डुलण्याशीं जुळणारी रेडिओलहर सोडली कीं उलटतो. हा अनुनाद १९४६ सालीं ब्लॉख यांनीं पाण्यांत व पर्सेल यांनीं मेणांत ओळखला, तारेच्या वेटोळ्यांत उमटणाऱ्या विजेवरून. ब्लॉख यांच्या स्टॅन्फर्ड येथील प्रयोगशाळेंत आपले डॉ. एस्. एस्. धर्मट्टी होते. अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह त्यांनीं १९५१ मध्यें दाखविलें कीं, मद्यार्कांतील हायड्रोजन एका सुरांत बोलत नाहीं, तीन सुरांत बोलतो, आणि त्या सुरांचें बळ १ : २ : ३ असें असतें. रसायनशास्त्रास त्यामुळें नवी दृष्टि आली. पुढें मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनीं हेंच संशोधन चालविलें. त्यांचें नांव आपल्याकडे जितकें घेतलें जावें तितकें घेतलें जात नाहीं, असें मला वाटतें.

परंतु अब्जावधि अणुगर्भ एकदम डुलल्याखेरीज वेटोळ्यास कांहीं ऐकूं येत नाहीं. एकटा विषाणु त्याच्या लेखीं मुकाच! १९९१ सालीं सिॲटलचे जॉन सिडल्स यांनीं सुचविलें कीं, वीज ऐकूं नये, ओढ मोजावी. गृहस्थ विद्यापीठाच्या अस्थिरोग विभागांतले, हें विशेष. कल्पनेचें मूळ मात्र जुनें. १९२२ मध्यें स्टर्न व गेर्लाख यांनीं चांदीचे अणु चुंबकाच्या ओढीनेंच दोन वाटांस लावले होते.

केसाहून शेंकडों पट पातळ अशा पट्टीच्या टोकाला पदार्थाचा कण चिकटवावयाचा, जवळ चुंबक ठेवावयाचा, आणि पट्टीच्या स्वाभाविक हेलकाव्याच्या तालावर अणुगर्भ उलटेपालटे करावयाचे. झोपाळ्यास वेळेवर दिलेले हलके झोके सांठत जावेत, तशी पट्टी डोलूं लागते. सॅन होझे येथील आय्. बी. एम्. प्रयोगशाळेंत रुगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ मध्यें अमोनियम नायट्रेटाच्या कणावर हें साधलें. २००९ सालीं त्याच प्रयोगशाळेंत तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूची त्रिमितीय आकृति मिळाली. विषाणु अवघा १८ नॅनोमीटर जाडीचा. मोजावयाचें बल न्यूटनाच्या अब्जांशाचा अब्जांश, अशा कोटींतलें. सराफ वारा अडवितो. येथें हवाच काढून टाकलेली, आणि थंडी निरपेक्ष शून्याच्या वर तृतीयांश अंश. सिडल्स यांस हवा होता एकच सुटा अणुगर्भ. त्या चित्रांत तो अद्याप दिसला नव्हता.