न केलेल्या कामाचा इतिहास

१९५७ साली आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान भाषेचा कंपायलर आला. माणसाने सूत्रे लिहावीत आणि त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर यंत्रानेच करावे, ही तोवर अचाट वाटणारी गोष्ट त्याने खरी करून दाखवली. मात्र एक अडचण होती. प्रोग्राममधील एक ओळ बदलली, तरी सगळा प्रोग्राम पहिल्यापासून कंपाइल करावा लागे. त्यात निर्वात नळ्यांवर चालणारे ७०४ वारंवार बिघडे. परिणामी ३०० ते ४०० ओळींहून मोठा प्रोग्राम हाती घेणे व्यवहारात अवघड होऊन बसले.

पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, फोर्ट्रान २ आले आणि प्रोग्रामचे भाग स्वतंत्रपणे कंपाइल करून ठेवण्याची सोय झाली. बदललेला भाग तेवढा पुन्हा कंपाइल करायचा, बाकीचे तयार तुकडे तसेच जोडून घ्यायचे. मोठे सॉफ्टवेअर लवकर बांधण्याची पुढची साठ-सत्तर वर्षांची खटपट याच कल्पनेची वाढ आहे. वेगवान यंत्रे येत राहिली, पण त्यांच्यापेक्षा अधिक वेगाने प्रोग्राम वाढत गेले. त्यामुळे प्रत्येक पिढीला एकच प्रश्न नव्याने सोडवावा लागला: आज कोणते काम पुन्हा करण्याची गरज नाही, हे खात्रीने कसे ओळखायचे?

‘खात्रीने’ हा शब्द येथे कळीचा आहे. काम टाळणे सोपे असते. चुकून नको ते काम टाळले गेले, तर काय होते, याचा किस्सा बेल लॅब्जमध्ये घडला.

स्टीव्ह जॉन्सन हे युनिक्सच्या जगातले मोठे नाव, ‘याक’ या प्रसिद्ध साधनाचे कर्ते. एके दिवशी ते संतापून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. सबंध सकाळ त्यांनी एक दोष शोधण्यात घालवली होती आणि तो दोष त्यांनी आधीच दुरुस्त केलेला होता! सोर्स फाइल सुधारली होती, पण ती पुन्हा कंपाइल करायचे राहून गेले होते. जोडणीत जुनाच तुकडा जात होता. फेल्डमन यांनी आदल्या संध्याकाळी स्वतः हाच मनस्ताप भोगला होता. त्यातून १९७६ मध्ये ‘मेक’ जन्माला आले.

‘मेक’ची युक्ती अगदी साधी. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे, हे प्रोग्रामरने ‘मेकफाइल’मध्ये लिहून ठेवायचे. ‘मेक’ प्रत्येक फाइलीची शेवटची बदलवेळ पाहते. सोर्स फाइल तयार तुकड्याहून नवी असेल तर कंपाइल करायचे, नसेल तर हात लावायचा नाही. विसराळूपणावर काढलेला हा उपाय वेळ वाचवणाराही ठरला. फाइलीच्या आत खरोखर काय बदलले, याची चौकशी ‘मेक’ करीत नाही. घड्याळ सांगेल ते प्रमाण मानते. नुसती फाइल उघडून न बदलता पुन्हा साठवली, तरी ती नवी ठरते.

मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीपूर्वी टॅबच द्यावा लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत. या नियमाने किती नवशिक्यांना रडवले, त्याची गणतीच नाही. फेल्डमन यांना ही चूक लवकरच उमगली होती. पण तोवर डझनभर लोक ‘मेक’ वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. त्या डझनभरांच्या सोयीची किंमत जग अजून मोजते आहे. २००३ च्या एसीएम सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्काराने ‘मेक’चा गौरव झाला, तेव्हाही टॅब जागचा हलला नव्हता.

प्रकल्प वाढले तसे लोक प्रत्येक फोल्डरला वेगळी मेकफाइल लिहू लागले आणि एका ‘मेक’मधून दुसरे ‘मेक’ चालवू लागले. ऑस्ट्रेलियातील पीटर मिलर यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका निबंधातून या पद्धतीवर कोरडे ओढले. त्यांचे म्हणणे असे की, अवलंबनाचा नकाशा तुकड्यांत फाडला, तर कोणत्याच ‘मेक’ला संपूर्ण चित्र दिसत नाही; मग ते कधी गरजेपेक्षा जास्त काम करते, कधी आवश्यक तेच सोडून देते. दोष साधनात नव्हता, त्याला दिलेल्या अर्धवट माहितीत होता.

सी भाषेत आणखी एक खोल दुखणे दडले होते. सी आणि तिची वारसदार सी प्लस प्लस या भाषांत ‘हेडर’ फाइली असतात. इतरत्र लिहिलेल्या गोष्टींची ओळख त्यात नोंदलेली असते आणि ‘इन्क्लूड’ या आज्ञेने ती फाइल जशीच्या तशी, अक्षरन् अक्षर, कंपायलरपुढे ओतली जाते. एखाद्या कारकुनाने दफ्तरातील प्रत्येक पत्र लिहिताना आधी सगळी नियमावली नकलून काढावी आणि त्याखाली दोन ओळींचा मजकूर लिहावा, तसा हा प्रकार. शिवाय हेडरमध्ये दुसरी हेडर, तिच्यात तिसरी. १९८४ मध्ये युनिक्सच्या ‘पीएस’ या छोट्याशा आज्ञेचा सोर्स कंपाइल होताना एकच हेडर ३७ वेळा ओढली जात असल्याचे आढळले. त्यांतील ३६ वेळा तिचा मजकूर वाचून टाकून दिला जाई.

यावर २००२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातूनच दोन उतारे आले. ‘सांबा’ आणि ‘आरसिंक’ या प्रकल्पांमुळे ख्यातनाम झालेले अँड्र्यू ट्रिजेल यांनी ‘सीकॅश’ लिहिले. एरिक थिले यांच्या ‘कंपायलरकॅश’ या आधीच्या साधनापासून त्यांना ही कल्पना सुचली होती. हेडर ओतून झालेला संपूर्ण मजकूर आणि कंपायलरला दिलेल्या सूचना यांचा मिळून एक गणिती ठसा काढायचा. हाच ठसा पूर्वी आढळला असेल, तर साठवलेला तुकडा परत द्यायचा. ‘मेक’चा भरवसा घड्याळावर होता, ‘सीकॅश’चा मजकुरावर. सगळे पुसून पहिल्यापासून बांधायला घेतले, तरी जुने श्रम वाया जात नाहीत.

मार्टिन पूल यांच्या ‘डिस्टसीसी’ने काम शेजारच्या यंत्रांना वाटून दिले. त्यातली मेख अशी की, हेडर ओतण्याचे काम घरच्या यंत्रावरच उरकायचे आणि तयार मजकूर बाहेर धाडायचा; म्हणजे शेजारच्या यंत्रांवर त्या हेडर नसल्या तरी बिघडत नाही. मात्र अखेरची जोडणी एकाच यंत्रावर होते. कामाचा जो भाग वाटताच येत नाही, तोच शेवटी एकूण वेगाची मर्यादा ठरवतो, हे जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच सांगून ठेवले होते.

माणसे आणि यंत्रे हवी तितकी असतील, तर हा प्रश्न सुटतो का? गूगलचे उदाहरण पाहावे. २००७ मध्ये तेथील एका मोठ्या प्रोग्रामच्या कंपाइलची मोजदाद झाली. सुमारे २,००० फाइली, एकूण मजकूर ४.२ मेगाबाइट. हेडर ओतून झाल्यावर कंपायलरपुढे प्रत्यक्षात गेलेला मजकूर ८ गिगाबाइटहून अधिक! एका अक्षरामागे जवळपास २,००० अक्षरांचे वाचन. असंख्य यंत्रांवर काम वाटूनही असा एखादा बिल्ड ४५ मिनिटे घेत असे.

अशाच एका लांबलेल्या बिल्डची वाट पाहताना रॉब पाइक, रॉबर्ट ग्रीसेमर आणि केन थॉम्पसन यांच्यात नव्या भाषेची चर्चा सुरू झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये जगापुढे आलेली ‘गो’ ती हीच. त्यांनी दुखण्याच्या मुळावरच घाव घातला. ‘अ’ला ‘ब’ हवा असेल आणि ‘ब’ला ‘क’, तर ‘अ’ कंपाइल करताना ‘ब’चा तयार तुकडा वाचला की पुरते, ‘क’बद्दलचे जरूर तेवढे ज्ञान ‘ब’ने आपल्यापाशी नोंदवून ठेवलेले असते. शिवाय मागवलेली पण न वापरलेली वस्तू ‘गो’मध्ये सरळ चूक मानली जाते. ही शिस्त अनेकांना जाचक वाटते. ८ गिगाबाइटांचा आकडा पाहिल्यावर ती जुलूम वाटत नाही.

पण ज्यांना भाषा बदलणे शक्य नाही, त्यांचे काय? लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सी भाषेत आहे. तेथे एक प्रसिद्ध हेडर आहे: ‘शेड डॉट एच’. चालू असलेल्या प्रत्येक कामाचे वर्णन करणारी रचना तिच्यात आहे. स्मृतिव्यवस्थापन, फाइलव्यवस्था, सिग्नल अशा प्रत्येक विभागाने या रचनेत आपापला रकाना घुसवला आणि त्या रकान्याची ओळख पटावी म्हणून आपापली हेडरही आणली. कर्नलमधील बहुसंख्य फाइली ‘शेड डॉट एच’ मागवतात. एका रकान्याची गरज असलेल्याच्या गळ्यात सबंध दफ्तर पडते.

कर्नलचे जुने जाणते विकसक इंगो मोल्नार यांनी २०२० च्या अखेरीस ही जटा सोडवायला घेतली. ५० ते १०० पॅचेसमध्ये काम उरकेल, असा त्यांचा अंदाज होता. एक गाठ सोडवावी तर मागे दुसरी निघे. प्रकारांची ओळख एका हेडरमध्ये आणि कार्यांची दुसरीत. अनावश्यक हेडर काढायच्या. त्या मोठ्या रचनेतील रकाने हेडरबाहेर न्यायचे. असे वर्षाहून अधिक काळ चालले. २ जानेवारी २०२२ रोजी त्यांनी काम जाहीर केले, तेव्हा पॅचेसची संख्या २,२९७ झाली होती. कर्नलमधील निम्म्याहून अधिक सोर्स फाइलींना त्यांचा हात लागला होता. त्यांच्या मोजणीत पूर्ण बिल्डचा वेळ सुमारे २३१ सेकंदांवरून १३० सेकंदांवर आला. यंत्र तेच, कंपायलर तोच.

काम थक्क करणारे होते, पण पचवायला अवघड. कर्नलमध्ये प्रत्येक विभागाचा राखणदार आपल्या हद्दीतील बदल तपासूनच आत घेतो. शिवाय दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि तेवढ्यात हजारो नवे बदल येऊन पडतात. म्हणजे सोडवलेली जटा शेजारी पुन्हा गुंतत असतेच. मोल्नार यांचे काही बदल पुढे निवडून स्वीकारले गेले, हेडरच्या साफसफाईचे काम इतरांनीही तुकड्यातुकड्याने चालू ठेवले. २,२९७ पॅचेसचा तो डोंगर मात्र जसाच्या तसा मुख्य शाखेत कधी आला नाही.