कोरीव कामाची धार दगडावरच!

लाकडावरील कोरीव काम शिकू पाहणारा हौशी माणूस प्रथम पटाश्यांचा संच विकत घेतो, मग लाकडाच्या शोधास लागतो. धार लावण्याच्या दगडाची आठवण त्याला सर्वांत शेवटी होते आणि तीही पुष्कळदा पटाशी घसरून बोटात शिरल्यावर. बोथट हत्यार कमी धोक्याचे असते, हा समज चुकीचा आहे. धार नसलेली पटाशी लाकडात शिरत नाही, म्हणून हाताचा जोर वाढतो. जोर वाढला की हत्यार घसरते आणि समोर धरलेला हात सापडतो.

बेलापूर येथील सिडकोच्या अर्बन हाटमध्ये भरणाऱ्या हस्तकला मेळ्यांत कोरीव लाकडी वस्तू पाहून हा छंद जडलेले अनेक जण नवी मुंबईत आढळतील. सुताराच्या घरातील मुलाला धार लावण्याची विद्या वडिलांकडून मिळते. सदनिकेच्या गॅलरीत बसून काम करणाऱ्याला ती स्वतःच मिळवावी लागते.

चाकाचा मोह टाळा

सोपा मार्ग म्हणून अनेक जण पटाश्या रस्त्यावरील धारवाल्याकडे किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानातील ग्राइंडरवर नेतात. स्वयंपाकघरातील सुरी-कात्रीसाठी ते ठीक आहे. कोरीव कामाच्या हत्याराचे मात्र त्यात कायमचे नुकसान होऊ शकते. वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. पोलादावर निळसर छटा उमटली, तर तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले, असे समजावे. साध्या कार्बन पोलादाला दिलेले 'पाणी' तेवढ्या भागापुरते उतरते. मग धार कितीही लावली तरी ती टिकत नाही. निळा पडलेला भाग पूर्णपणे घासून काढणे, एवढाच उपाय उरतो.

हाताने दगडावर घासताना पोलाद तापत नाही. धारेला मोठा खाचा पडला असेल, तेव्हाच चाक वापरावे आणि तेही हत्यार वारंवार पाण्यात बुडवून. एरवी दगडच बरा.

दगडांचे प्रकार

धार लावण्याच्या दगडाला मराठीत निसणा हा जुना शब्द आहे. सहाण हा शब्दही त्या अर्थाने वापरला जात असे. पोलाद घासायचे तर दगडातील कण पोलादाहून कठीण हवेत. कुरुंद हे खनिज तसे आहे; काठिण्यात ते हिऱ्याच्या खालोखाल गणले जाते. इंग्रजीतील 'कोरंडम' हे त्याचे नाव भारतीय भाषांतूनच गेले. १८९१ साली एडवर्ड अॅचेसन या अमेरिकी संशोधकाच्या हाती सिलिकॉन कार्बाइड लागले, तेव्हा त्याने त्यास 'कार्बोरंडम' म्हटले. आज आपल्याकडील सुतारही दगडाला सहजपणे 'कार्बोरंडम' म्हणतो. घर्षणाच्या या उद्योगाशी नवी मुंबईच्या परिसराचे जुने नाते आहे. शेजारच्या उरण तालुक्यातील मोरा येथे ग्राइंडवेल कंपनीची सुरुवात १९४१ साली झाली.

बाजारात मुख्यतः पुढील प्रकार मिळतात :

तेलाचा दगड : एक बाजू जाड, दुसरी बारीक दाण्याची. स्वस्त, टिकाऊ आणि कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा. त्यावर शिवणयंत्राचे पातळ तेल वापरावे. खाद्यतेल कधीही वापरू नये. ते चिकट होऊन दगडाची छिद्रे बुजवते.

पाण्याचा दगड : जपानी पद्धतीचा हा दगड झपाट्याने कापतो, कारण त्याचा पृष्ठभाग झिजून नवे कण सतत वर येतात. त्यामुळेच तो लवकर खोलगट होतो आणि वारंवार सपाट करावा लागतो.

हिऱ्याची पट्टी : धातूच्या पट्टीवर कृत्रिम हिऱ्याचे कण बसवलेले असतात. ती खोलगट होत नाही, मात्र हलका हात ठेवावा लागतो. दाबल्यास कण निखळतात.

घडीव दगड : ज्याची एक कड जाड व गोल आणि दुसरी निमुळती असते, असा हातात मावणारा लहान तुकडा. सपाट दगड जेथे पोहोचत नाही, त्या गोल पटाशीच्या आतील भागासाठी तो अनिवार्य आहे.

दाण्याचा क्रमांक जितका मोठा, तितका दाणा बारीक. जपानी क्रमांकांनुसार ४०० च्या आतील दगड खाचे काढण्यासाठी, १००० च्या आसपासचा नित्य धारेसाठी आणि ४००० ते ८००० चा शेवटच्या सफाईसाठी असतो. अमेरिकी क्रमांक याच्याशी जुळत नाहीत, म्हणून केवळ आकडे पाहून दोन उत्पादनांची तुलना करू नये.

नवशिक्याने सुरुवातीस महागडा संच घेण्याचे कारण नाही. दुहेरी तेलाचा दगड, एक घडीव दगड आणि चामड्याची पट्टी एवढ्यावर काम भागते. हार्बर मार्गावरील मशीद स्थानकात उतरून नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात गेल्यास दगड हातात घेऊन पाहता येतो. पृष्ठभाग सपाट आहे ना, कडा फुटलेल्या नाहीत ना, हे तेथेच पाहावे.

धार कशी लावावी?

दगड ओल्या फडक्यावर किंवा लाकडी चौकटीत घट्ट बसवावा. धारेचा ढाळ दगडाला पूर्ण टेकेल असा कोन धरून तो शेवटपर्यंत बदलू देऊ नये. शिवणीसारख्या मऊ लाकडासाठी सुमारे २० अंश, तर सागवान-शिसवासारख्या लाकडासाठी २५ अंशांच्या आसपास कोन योग्य ठरतो. सागवानात सिलिका असल्याने धार लवकर जाते. त्यावर काम करताना दगड जवळच ठेवावा.

सपाट पटाशी मागे-पुढे घासावी. गोल पटाशी तशी घासल्यास तिचा आकार बिघडतो. ती दगडाच्या लांबीला आडवी धरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे नेताना मनगटाने हळूहळू फिरवावी, म्हणजे धारेचा प्रत्येक भाग सारखाच घासला जाईल. मध्येच थांबल्यास तेथे सपाट जागा पडते. व्ही आकाराच्या पटाशीच्या दोन्ही बाजू स्वतंत्र सपाट पटाश्या समजून सारख्याच घासाव्यात.

घासता घासता धारेच्या पलीकडे पोलादाची सूक्ष्म कोर उमटते. बोट धारेच्या आडवे, आतून बाहेर फिरवल्यास ती जाणवते. ती संपूर्ण धारेवर आली की जाड दगडाचे काम संपले. मग बारीक दगड घ्यावा आणि आतल्या बाजूची कोर घडीव दगडाने काढावी.

शेवटी चामड्याची पट्टी. जुन्या काळी न्हाव्याच्या धोपटीत वस्तऱ्यासोबत दगड आणि पट्टी असेच. पट्टीवर हिरवी पॉलिश, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, चोळून हत्यार केवळ मागे ओढावे. पुढे ढकलल्यास चामडे कापले जाते. काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टीवर चार-सहा वेळा ओढल्यास दगडाची गरज फारच क्वचित पडते.

निगा

तेल लावलेल्या दगडावर पुन्हा पाणी चालत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच काय ते ठरवावे. दगड खोलगट झाल्यास जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासावा. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, पाण्याच्या दगडावर लावलेली पटाशी लगेच पुसून तिच्यावर तेलाचा हात फिरवावा. एका रात्रीत चढलेला गंज तासाभराची मेहनत वाया घालवतो.

धार आली की नाही, हे अंगठ्यावर पाहू नये. मऊ लाकडाचा तुकडा रेषेच्या आडवा कापून पाहावा. कापलेला भाग गुळगुळीत व चकचकीत दिसला, तर धार खरी. पांढुरके ओरखडे उमटले, तर त्या ठिकाणी धारेला खाच आहे. तेव्हा हाताचा जोर न वाढवता पुन्हा दगडाकडे वळावे.