आमच्या वेळी नव्हतं असलं काही!

मागच्या शनिवारी जुन्नरला ताईकडे गेलो होतो. भाचा आठ वर्षांचा. जेवताना चारदा उठणार, वही हरवणार, प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळा. शाळेतून दोनदा चिठ्ठी आलीय, "मुलाला शिस्त लावा." पुण्याच्या डॉक्टरांनी निदान केलं, एडीएचडी. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही!"

खरंच नव्हतं? सवयीप्रमाणे खणायला बसलो.

१७९८ मध्ये अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष न टिकण्याबद्दल लिहिलंय. काहींमध्ये ते जन्मजात असतं, असंही. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. मुलं हुशार, पण स्वतःला आवरता येत नाही. त्यांनी त्याला 'नैतिक नियंत्रणाचा' दोष म्हटलं. म्हणजे ठपका आलाच! १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी डोकेदुखीवर बेन्झेड्रिन दिलं आणि भलतंच घडलं. उत्तेजक औषधाने कित्येक मुलं शांत बसून अभ्यास करू लागली. अमेरिकन मानसोपचाराच्या पुस्तकात १९६८ ला 'हायपरकायनेटिक', १९८० ला एडीडी, १९८७ ला एडीएचडी. नावं बदलली, मूल तेच.

आपल्याकडे नावं होतीच की. वांड, द्वाड, हूड. उपाय एकच, छडी.

पण एक वेगळी वाटही होती. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! एडीएचडीचा तिथे संबंध नव्हता. पण मुलाला शाळेच्या मापाचं करण्याऐवजी शाळा मुलाच्या मापाची करायची, हे सूत्र मला फार मोलाचं वाटतं.

आजचे उपायही त्याच वळणाचे आहेत. एका वेळी एकच सूचना, छोटी. दहा मिनिटं अभ्यास, मग उठायची मुभा. रोजचं वेळापत्रक भिंतीवर. चांगलं वागला की शाबासकी तिथल्या तिथे, कारण महिन्याभराने मिळणारी सायकल या मुलांना फार लांब वाटते. मारून मेंदूचा ब्रेक दुरुस्त होत नाही. गरज असेल तर औषध, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही एडीएचडी आहे.

रात्री हे सगळं सांगितलं. सासूबाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ असाच होता. घोडेगावच्या शाळेत रोज मार खायचा. तिसरीत काढला आणि गुरांमागे धाडला. गुरांमागे मात्र लई शहाणा होता."

म्हणजे त्यांच्याही वेळी होतं. फक्त कुरणापर्यंत शाळा पोचली नव्हती.

रविवारी सकाळी सासूबाईंनी भाच्याला हाक मारली, "आधी फक्त चपला घाल. मग पुढचं सांगते."